आधी अर्थिंग, मग अलेक्सा

लेकी, तू पाठवलेली सामानाची यादी वाचली. रंग बदलणारे बल्ब, बोटाने उघडणारं कुलूप, खोलीखोलीत कॅमेरा, आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारं ते बोलकं यंत्र. पुण्यातल्या फ्लॅटला हे शोभेल. तुझी आई आणि वडील, म्हणजे माझे दाजी, राहतात ते घर माहूरला आहे. तिथे आधी लाईट येते-जाते, मग नेट येतं-जातं. वस्तू बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस किनवटहून यायचा, नाहीतर पुसदहून. जिल्हा आपला नांदेड, पण रस्त्याने यवतमाळ जवळ पडतं. आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठलं लागेल हे फोनवरच्या पोरीला कधीच सांगता येत नाही.

आयटीआयत पोरांना वायरमनचं काम शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून माझं तुणतुणं एकच. तुझा फोन बंद, घरातलं नेट बंद, तू पुण्यात मीटिंगमध्ये. अशा वेळी रात्री दोन वाजता तुझ्या आईला संडासचा दिवा भिंतीवरच्या बटणाने लावता आला पाहिजे. या परीक्षेत जी वस्तू नापास होईल, ती यादीतून काढ. उरलेल्यांचं बघू.

सुरुवात जमिनीखालून कर. माहूरची जमीन डोंगराची, मुरमाड. वैशाखात ती इतकी कोरडी पडते की मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये वरच्या भोकाला हिरवी तार जोडलेली दिसते, पण ती पुढे कुठे जाते ते कोणी बघत नाही. जुन्या घरांत पुष्कळदा ती बोर्डातच संपते. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलाव. फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट, असा आकडा यायला हवा. एवढ्यावर खूश होऊ नकोस. मल्टिमीटर स्वतः करंट जवळपास ओढतच नाही, त्यामुळे कच्च्या अर्थिंगवरही तो झकास आकडा दाखवतो. अर्थ टेस्टर असलेला माणूस मिळाला तर त्याच्याकडून मोजून घे. कमी पडत असेल तर नवा खड्डा घ्यायचा आणि उन्हाळाभर त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं. हे काम दाजींकडे दे. तुळशीला पाणी घालतात तसं तिथेही घालतील. त्यांना नेमाचं काम आवडतं.

मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का बघ. नसेल तर यादीतल्या पहिल्या दहा वस्तू रद्द करून तो बसव. ओल्या हाताने गिझरला किंवा मोटरला शॉक लागला तर माणूस वाचवणारी वस्तू ती आहे. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही.

आता न्यूट्रलचं. हे नीट ऐक, कारण घरातली महागडी उपकरणं पुष्कळदा यानेच जातात. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो, आणि गल्लीतली घरं या तीन फेजांवर वाटून दिलेली असतात. वादळात, फांदी पडून किंवा वानरांच्या उड्यांनी न्यूट्रलची तार सुटली की एका घरात दिवे मिणमिणतात आणि दुसऱ्या घरात व्होल्टेज चारशेकडे धावतं. टीव्ही, फ्रिज, राउटर, तुझे ते स्मार्ट बल्ब, सगळे एका दमात. एमसीबी जादा करंट ओळखतो, जादा व्होल्टेज ओळखत नाही, म्हणून तो मख्खासारखा बसून राहतो. मीटरनंतर लगेच एक ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर घाल. व्होल्टेज साधारण २७०च्या वर किंवा १७०च्या खाली गेलं की तो घराची लाईन तोडतो, आणि परिस्थिती सुधारल्यावर थोडा थांबून आपणहून जोडतो. दाजींना स्टुलावर चढावं लागत नाही. मला विचारशील तर माहुरातल्या घराचं सगळ्यात हुशार उपकरण हेच, आणि त्याला ॲपही नाही.

वळवाच्या पावसात विजा पडतात त्याचं वेगळं. सर्ज प्रोटेक्टर बसव, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने काढलेलं 'दामिनी' ॲप दाजींच्या फोनवर घालून दे. आसपास वीज पडण्याची शक्यता असली की ते इशारा देतं. आभाळ गडगडायला लागलं की टीव्ही आणि राउटरची पिन उपटायची. ॲप ती पिन उपटून देत नाही.

इन्व्हर्टर आहे, हे बरं. त्यावर काय-काय टाकलंय ते मात्र तपास. जुना पंखा सत्तर-ऐंशी वॅट खातो. बीएलडीसी पंखा तीसच्या आत-बाहेर. तीन पंखे बदललेस तर त्याच बॅटरीवर रात्र निघते, आणि हा बदल तुझ्या आईला पहिल्याच दिवशी जाणवेल. एक सांभाळ. बीएलडीसी पंख्याला जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून टाकावा लागतो, आणि पंखा रिमोटवर जातो. रिमोट गादीखाली जातो. म्हणून भिंतीवरच्या बटणाने चालू केल्यावर आधीच्याच वेगाने फिरणारा पंखा बघून घे, आणि रिमोटला पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर खोबण ठोक. राउटरला छोटा वेगळा यूपीएस दे. इन्व्हर्टर पलटी घेतो त्या क्षणभरात काही राउटर झोपून पुन्हा उठतात, आणि तेवढ्या चार-पाच मिनिटांत तुझे दोन फोन येऊन जातात, 'लागत का नाही' म्हणून.

वायफाय. घराचा पुढचा भाग विटा-सिमेंटचा, पण मागचा जुना. तिथल्या भिंती दगड-मातीच्या, हातभर जाड. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीच्या भूकंपात लोक गाडले गेले ते अशाच भिंतींखाली, हे जाता-जाता सांगतो. मागच्या खोलीच्या भिंतीला फुगवटा आलाय का, ते आधी गवंड्याला दाखव. तो खर्च या सगळ्याच्या आधीचा. तर त्या भिंतीतून वायफाय जात नाही. गल्लीतला कोणी म्हणेल, भिंतीला लावायचा एक्स्टेंडर घ्या. घेऊ नकोस. पुढच्या खोलीतून लॅनची वायर पाइपातून मागे ने आणि तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट बसव. वायर एकदा टाकली की टाकली. पाइप जरा जाड घाल, पुढे आणखी एखादी तार ओढता येईल. गच्चीवरून उघडी वायर नेलीस तर वानरं तिचा झोका करतील.

स्मार्ट वस्तू बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्याच वायफायवर चालतात. राउटरमध्ये ते चालू ठेव. आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. कधी ना कधी राउटर जळणार. नवा आणशील तेव्हा वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेव, अक्षर न् अक्षर. सगळ्या वस्तू आपसूक जोडल्या जातात. नाव बदललंस की एकेका बटणाशी पुन्हा ओळख करून द्यायला तुला पुण्याहून यावं लागेल.

नवरात्रात आणि दत्तजयंतीला माहूरगडाखाली माणूस मावत नाही, तेव्हा मोबाइलचं नेट रांगतं. म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा सिमच्या राउटरवर हे घर उभं करू नकोस. फायबर मिळत असेल तर ते मुख्य, आणि सिम नुसतं अडीनडीला.

आता पाण्याची मोटर. यादीत ती नव्हतीच, आणि मला त्याचंच नवल वाटलं. या घरात यंत्राने करावं असं पहिलं काम तेच आहे. दाजी जिना चढून टाकीत डोकावतात, मग खाली येऊन मोटर बंद करतात. या वयात जिना हीच मोठी जोखीम. आणि आपला मुलूख कोणता? २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. अशा मुलखातल्या माणसाच्या कानात टाकी सांडल्याचा आवाज आयुष्यभर खुपतो. वॉटर लेव्हल कंट्रोलर बसव, टाकी भरली की मोटर बंद करणारा. पाण्यात उघडे धातूचे रॉड सोडतात तसला घेऊ नकोस. बोअरचं पाणी जड आहे, रॉडवर पांढरा थर बसतो आणि सहा-आठ महिन्यांत टाकी भरलीय की रिकामी हे त्याला कळेनासं होतं. तरंगणारा फ्लोट घे. बोअर आटल्यावर मोटर कोरडी फिरून जळू नये म्हणून ड्राय-रन संरक्षण असलेलाच घे. आणि बाजूला साधा बायपास स्विच हवाच, म्हणजे कंट्रोलर रुसला तरी मोटर हाताने चालेल.

फोनवरून मोटर चालवण्याला माझी ना नाही. आपल्या शेतकऱ्यांनी ते पुण्या-मुंबईच्या आधी केलंय. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांचे आजोबा रात्री-अपरात्री उठून शेतातला पंप लावायला जात. ते डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी 'नॅनो गणेश' हे यंत्र बनवलं. साध्या फोनवरून आकडे दाबायचे, की पंप चालू-बंद होतो, आणि तिकडे लाईट आहे की नाही तेही कळतं. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. नेट लागत नाही, मोठा फोन लागत नाही. म्हाताऱ्या माणसाची पायपीट पाहून सुचलेली वस्तू अशी असते. तू दुकानात जाशील तेव्हा हे मनात ठेव.

दिव्यांचं म्हणशील तर स्मार्ट बल्ब नको. भिंतीवरचं बटण बंद केलं की तो मेला, आणि तुझी आई बटण बंद करणारच. तिने आयुष्यभर विजेचं बिल वाचवलंय. त्याऐवजी बोर्डाच्या मागे बसणारं मॉड्यूल घे. जुनं बटण तसंच चालतं आणि फोनवरूनही चालतं. पण बोर्ड उघडून आधी न्यूट्रल आलाय का बघ. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये बटणांच्या बोर्डात नुसता फेज आणलेला असतो, न्यूट्रल वरून परस्पर दिव्याला गेलेला. न्यूट्रल नसेल तर बहुतेक मॉड्यूल चालत नाहीत, आणि वायरमन जवळच्या अर्थला न्यूट्रल समजून जोडून मोकळा होतो. ते होऊ देऊ नकोस. आरसीसीबी पडत राहील ते एक, आणि घरातल्या लोखंडाला करंट येईल ते दुसरं. सगळे दिवे करायची गरजही नाही. अंगणातला, देवघरातला, जिन्यातला, स्वयंपाकघरातला, एवढे पुरेत.

पलंगापासून संडासापर्यंत मात्र माणूस उठला की आपणहून लागणारे दिवे लाव. सॉकेटमध्ये खोचायचे, ना नेट, ना ॲप. म्हातारपणी पडणं हे पुष्कळदा रात्रीच्या या दहा पावलांत होतं. यादीतल्या सगळ्या सामानाचं मोल एका पारड्यात घातलं तरी हे दिवे जड पडतील.

गिझरला बाजारातला साधा स्मार्ट प्लग लावू नकोस. दोन हजार वॅटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो. सहा किंवा दहा अँपिअरचा प्लग तापून वितळू शकतो. सोळा अँपिअरचा घे आणि वीस मिनिटांनी आपणहून बंद होईल असं लावून दे. गॅसचा वास ओळखणारा भोंगाही घे, तुझ्या आईला सर्दीत वास येत नाही. तो जमिनीपासून वीतभर उंचीवर बसव. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. छताला लावलेला भोंगा फार उशिरा ओरडेल. शेजारी भिंतीवर मोठ्या आकड्यांत १९०६ लिहून ठेव, गॅसगळतीच्या तक्रारीचा क्रमांक आहे तो. १०८ आणि ११२ त्याच्याच खाली.

कॅमेऱ्याबद्दल स्पष्ट बोलतो. फाटकावर एक, मागच्या दारावर एक. घरात एकही नाही. तुझी काळजी खरी आहे, पण आई पदर सोडून उन्हात बसते तेव्हा पुण्यातून कोणी बघतंय असं तिला वाटलं तर ती स्वतःच्या घरात पाहुणी होईल. कॅमेरा लावण्याआधी दोघांना विचार, दाखव, आणि बंद कसा करायचा ते शिकव. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदल. २०१६ साली 'मिराय' नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते बहुतेक असलेच न बदललेले पासवर्ड वापरून.

खुशाली कळायला कॅमेरा लागतही नाही. आई पहाटे उठून स्वयंपाकघरातला दिवा लावते, हे आपण सगळे जाणतो. सातपर्यंत तो दिवा लागला नाही तर तुझ्या फोनवर निरोप यावा, एवढंच लावून ठेव. मग निरोप आल्यावर तू काय करशील, याचा विचार कर. पुण्याहून माहूर म्हणजे रात्रभराचा प्रवास. शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली दे, त्यांचा आणि त्यांच्या मुलाचा असे दोन क्रमांक फोनमध्ये ठेव, आणि दिवाळीला त्यांच्या घरी फराळाचा डबा घेऊन स्वतः जा. या सगळ्या यंत्रणेत ती किल्ली हा सर्वांत भरवशाचा भाग आहे. म्हणूनच ते बोटाचं कुलूप नको. बॅटरी संपली, किंवा दाजींच्या बोटांच्या रेषा त्याला वाचता आल्या नाहीत, की बाहेरचा बाहेर आणि आतला आत. आतून कडी लावायची आईची सवय असेल, तर ती बाहेरूनही उघडेल अशी काही सोय सुताराकडून करून घे.

त्या बोलक्या यंत्राला माझा विरोध नाही, पण त्याला दाजींचं बोलणं कळेल का? अलेक्साला हिंदी २०१९पासून येतं. दाजी तिला माहुरी मराठीत हाक मारणार, मध्ये दोन तेलुगू शब्द घालणार. इथल्या बाजारात मराठी, गोरमाटी, गोंडी, तेलुगू सगळंच एका टोपलीत असतं. फोनवरच्या गुगलला मराठी बऱ्यापैकी कळतं, २०१८पासून. भजनं लावायला, वेळ विचारायला म्हणून यंत्र आण, गंमत म्हणून. दिवा लावायचं एकमेव साधन म्हणून नको.

कंपन्यांचंही सांगून ठेवतो. अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' नावाचा, घरातल्या स्मार्ट वस्तू जोडणारा हब होता. गुगलच्या 'नेस्ट'ने ती कंपनी घेतली आणि २०१६मध्ये सेवाच बंद केली. लोकांच्या घरातला डबा त्या दिवसापासून नुसता डबा. २०२२च्या एप्रिलमध्ये 'इन्स्टिऑन' या दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर असेच एकाएकी बंद पडले. म्हणून वस्तू घेताना एकच प्रश्न विचार: नेट काढलं तर घरातल्या घरात चालते का? झिगबीवाल्या किंवा 'मॅटर'च्या खुणेच्या वस्तूंची शक्यता बरी. तरी दुकानात विश्वास ठेवू नकोस, नेटची तार उपटून स्वतः बघ. तुला तो 'होम असिस्टंट', घरातच चालणारा प्रोग्रॅम, घालायचाय, माहीत आहे. आधी स्वतःच्या घरी एक पावसाळा चालव. आई-बापाचं घर म्हणजे तुझी प्रयोगशाळा नव्हे.

खाती कोणाच्या नावावर? घरासाठी वेगळा ईमेल काढ. दाजींच्या जुन्या सिमवर ओटीपी येत असेल तर त्या सिमचं रिचार्ज तू भर. ते संपलं की सगळं घर कुलूपबंद. आणि दाजींना बजाव, ओटीपी तुझ्याशिवाय कोणी मागितला तर फोन ठेवून द्यायचा. फसवणूक झालीच तर १९३०ला फोन लाव.

शेवटी वायरमन. पुण्याहून कंत्राटदार आणू नकोस. किनवटच्या आयटीआयतून बाहेर पडलेला माहुरातलाच एखादा पोरगा धर. काम त्याच्याच हातून करून घे, तू शेजारी उभी राहा. कुठल्या खोलीत काय बसवलं, कोणती वायर कुठून गेली, हे शंभर पानी वहीत मराठीत लिहून काढ, चित्र काढ. बोर्ड उघडे असताना फोटो घे. वही मीटरच्या बोर्डाजवळ खिळ्याला टांग. मॉड्यूल एक, राउटरचा अडॅप्टर एक, फ्लोट एक, असे जादा आणून मागच्या कपाटात ठेव, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटव. त्या पोराला सहा महिन्यांनी एकदा येऊन बघून जायचे पैसे ठरवून दे आणि वेळच्या वेळी दे.

काम नवरात्रात काढू नकोस, सामान येणार नाही आणि घरात पाहुणे असतील. दिवाळीनंतर ये, आठवडाभराची रजा घेऊन. पहिले दोन दिवस अर्थिंग आणि मेन बोर्ड. नंतर मोटर. बाकीचं जमलं तर. निघायच्या आदल्या रात्री मेन स्विच पाड, राउटर बंद कर, तुझा फोन खिशात ठेव, आणि आईला म्हण, आता तू नेहमीसारखी वावर. कुठे अडते ते वहीत लिहून घे, आणि सकाळची गाडी चुकली तरी चालेल, ते दुरुस्त करूनच नीघ.